उशिरा केलेली नोंद

माझ्या बायकोला, मेधाला, माझ्याबद्दल जवळजवळ सगळं माहीत आहे. आमटीत मीठ कमी असलं तर मी तिच्यासमोर काही बोलत नाही आणि ती पाणी आणायला उठली की चिमूटभर घालून घेतो, हे तिला माहीत आहे. ॲथलोनची माझी पहिली नोकरी गेली तेव्हा मी चार दिवस ते लपवून ठेवलं होतं, हेही माहीत आहे. पण वेस्लीचं तिला अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं मी कोणालाच सांगितलेलं नाही—तिला नाही, मुलीला नाही, आणि देवासमोर उभा राहिलो तर तिथंही मी ते घाईघाईनं ओलांडून पुढं जातो. आज तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? एक तर तुम्ही मला ओळखत नाही. आणि दुसरं म्हणजे तुम्हाला मराठी वाचता येतं. या दुसऱ्या कारणाकडे मी येईनच, पण जरा दमानं घ्या. मला सरळ तिथं पोचता येत नाही.

मी मूळचा चिंचवडचा. आयर्लंडमध्ये येऊन सोळा वर्षं झाली. आधी ॲथलोन, मग इथं, मोनॅहन काउंटीत, औषधांच्या एका कारखान्यात. क्वालिटीला आहे. म्हणजे गोळ्या मी बनवत नाही, गोळ्या कशा बनवल्या याचे कागद तपासतो. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात: जे लिहिलं नाही ते घडलं नाही. लिहिताना चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनरची बाटली आवारात सापडली तर नोकरी जाऊ शकते. नव्या पोरांना हे सगळं मीच शिकवतो. अजूनही मीच शिकवतो—हे लक्षात ठेवा.

आमच्या घरापासून सीमा सात मैलांवर. तुमच्या डोळ्यांसमोर तारांचं कुंपण आलं असेल, तर ते काढून टाका. इथं काहीच नाही. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते, पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात, आणि खिशातला फोन थरथरून सांगतो की तुम्ही दुसऱ्या देशात आलात. बेट एक, देश दोन, शंभर वर्षं झाली. उत्तरेचा तुकडा ब्रिटनकडे. तिथल्या काहींना दक्षिणेशी एक व्हायचंय, आणि काहींना तसं नुसतं म्हटलेलंही सहन होत नाही. मध्ये तीस वर्षं माणसं मेली. आता मरत नाहीत, पण कोणी विसरलेलंही नाही.

पहिली सात वर्षं मी त्या पांढऱ्या रेघेच्या पलीकडे गेलो नाही. माझा पासपोर्ट भारतीय, पलीकडे जायला वेगळा व्हिसा. अडवायला तिथं चिटपाखरूही नाही. कारखान्यातले सगळे पेट्रोल भरायला जायचे, मला म्हणायचे, चल रे, कोण बघतंय. मी जायचो नाही. नियम म्हणजे नियम. इथला पासपोर्ट हातात पडला त्याच शनिवारी मी मेधाला आणि मुलीला, इराला, गाडीत घालून पलीकडे नेलं, आणि पहिल्या दुकानातून एक पाव आणि दूध घेऊन परत आलो. इरा मागच्या सीटवरून म्हणाली, "इज दॅट इट, बाबा?" मी तिला काय सांगणार? मला त्या दिवशी केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

आमच्या गल्लीत नूला राहते. निवृत्त शिक्षिका, इराला तिनंच शिकवलं. रेडिओवर देश एक होण्याची चर्चा पुन्हा जोरात सुरू झाली, तेव्हा तिनं ठरवलं की डब्लिन आणि बेलफास्टचे मोठे लोक वाटाघाटी करतील तेव्हा करतील, पण सात मैलांवरच्या माणसांनी एकदा तरी एका टेबलाशी बसायला हवं. सहा इकडचे, सहा तिकडचे. महिन्यातून एक शनिवार, सकाळी दहा ते साडेबारा. एकदा आमच्या गावच्या चर्चच्या हॉलमध्ये, एकदा त्यांच्या. टिपणं घ्यायला कोण? तर जो कोणाच्याच बाजूचा नाही असा. नूला दारात उभी राहून म्हणाली, "तू ना आमचा, ना त्यांचा. शिवाय तू नियमांचा माणूस." या दुसऱ्या वाक्यानं मी किती फुललो, हे आज सांगायलाही लाज वाटते.

त्या दीड वर्षातल्या शनिवारांसारखे शनिवार मला पुन्हा मिळाले नाहीत. एवढं कबूल केलं तर चालेल ना? मी त्यांच्यात रमलो होतो. बारा माणसं एकमेकांशी भांडत असायची आणि मला वाटायचं, मी घरी आलोय. पाण्याचा मोठा बंब उकळत असायचा, कोणीतरी घरी भाजलेले स्कोन्स, म्हणजे छोटे गोडसर पाव, आणायचं, खिडकीबाहेर गाई उभ्या. कोणाच्या काकाला कुठल्या वळणावर गाडीतून उतरवलं होतं, कोणाचं पिठाचं दुकान कोणी जाळलं, हे सगळं निघायचं. मग कोणीतरी म्हणायचं, अजून चहा? आणि बारा माणसं हो म्हणायची. एवढ्या एका गोष्टीवर पहिल्या दिवसापासून एकमत होतं.

वेस्ली तिकडचा. चौऱ्याहत्तर वर्षांचा, गाई आणि कोंबड्या बाळगून असलेला, उंच, डोक्यावर टोपी, बोलणं मोजकं. त्यांच्या चर्चच्या हॉलच्या किल्ल्या तीस वर्षं त्याच्याकडे होत्या. आमची बैठक तिकडे असली की तो तासभर आधी येऊन हीटर लावायचा आणि मीही लवकर पोचायचो. दोघंच. मी टेबलं लावायचो, तो खुर्च्या मांडायचा. इथं 'युअर मॅन' म्हणजे आपण म्हणतो ना, 'तो आपला अमका', तसं. मी वेस्लीचा 'वहीवाला युअर मॅन' होतो. माझं नाव त्याला दीड वर्षात एकदाही धड म्हणता आलं नाही आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मी टिपणं मराठीत घ्यायचो. हात तसाच पळतो, दुसरं कारण नाही. ते इंग्रजी बोलायचे आणि माझ्या वहीत मराठी उतरायचं. मग रविवारी बसून मी त्याचं रीतसर इंग्रजी करायचो. वेस्ली माझ्या खांद्यावरून वाकून वहीत बघायचा. म्हणायचा, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं दिसतंय. एकदा त्यानं स्वतःचं नाव शोधून दाखवायला सांगितलं. मी बोट ठेवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ग्रँड. तुझ्यावर विश्वास आहे माझा."

आणि डबा. मेधानं एकदा शंकरपाळे दिले होते, स्टीलच्या डब्यात. वेस्लीनं ते चहात बुडवून खाल्ले आणि उरलेले मागून घरी नेले. पुढच्या महिन्यात डबा परत आणला, रिकामा, घासून लख्ख. मी सहज बोलून गेलो की आमच्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत. तो ओशाळला नाही, पण त्यानंतर डबा कधी रिकामा आला नाही. सहा अंडी, प्रत्येक अंडं वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेलं. इकडून चिवडा, तिकडून अंडी. तो डबा इतक्या वेळा सीमा ओलांडून गेला की मेधा म्हणायची, "आपल्याआधी ह्यालाच दोन्हीकडची सिटिझनशिप मिळेल."

बघा, मी पुन्हा रेंगाळलो.

दीड वर्षांनी कागद तयार करायचा ठरलं. अशा छोट्या बैठकांचे कागद डब्लिनमधली एक संस्था गोळा करत होती, पुढे खऱ्या वाटाघाटी झाल्या तर उपयोगी पडतील म्हणून. कागदात बाकी सगळं बिनवादाचं होतं: शाळा, दवाखाने, झेंडे कुठं लावावेत आणि कुठं नकोत. शेवटचं कलम तेवढं मोठं. दोन्ही बाजूंनी बोलणी करून, कोणावर जबरदस्ती न करता, देश एक व्हावा. नूलानं ते वाचून दाखवलं आणि टेबलाभोवती एकेकाला विचारत गेली. तिकडचे बाकीचे पाचही जण, कोणी खाकरत, कोणी खाली बघत, हो म्हणाले. वेस्ली म्हणाला, नाही. आवाज चढवला नाही. आपला नकार सांगितला, आणि तरी आपण बसून राहणार असंही सांगितलं. मी ते लिहून घेतलं. मग सगळे बंबाकडे गेले. वेस्लीनंच सगळ्यांचे कप भरले. कोणाचं काही बिघडलेलं दिसत नव्हतं.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. हे निमित्त म्हणून सांगत नाही. मी हे कुठून शिकलो, तेवढंच सांगतो. चिंचवडला आमची कारखान्यातल्या कामगारांची सोसायटी होती, छप्पन्न घरांची, आणि बाबा बावीस वर्षं तिचे सेक्रेटरी. वार्षिक सभेत शिरा ताणून भांडणं व्हायची, पाण्याच्या टाकीवरून, कुत्र्यावरून, जिन्यातल्या सायकलींवरून. आणि बाबांच्या इतिवृत्तात प्रत्येक ठरावाखाली एकच शब्द असायचा: सर्वानुमते. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. मी लहानपणी विचारलं होतं, पाटीलकाका तर नाही म्हणत होते ना? बाबा म्हणाले, "तोंडचा विरोध तोंडातच राहू द्यावा. उद्या एका जिन्यानं वर जायचंय. कागदावर आला की तो नातवंडांपर्यंत टिकतो." आणि ते खरं होतं. संध्याकाळी पाटीलकाका आमच्याच घरी चहाला असायचे. बावीस वर्षांत आमच्या सोसायटीत कोणी कोर्टात गेलं नाही.

रविवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर वही उघडली आणि इंग्रजी करायला बसलो. शेवटच्या कलमाशी आलो. वेस्लीची ओळ समोर होती. मी लिहिलं: उपस्थित सर्वांचं यावर एकमत झालं. खाली बारा नावं.

हात अडखळला का? नाही. खरं सांगतो, नाही अडखळला. मला वाटलं मी म्हाताऱ्यावर उपकार करतोय. त्याचा एकट्याचा नकार छापून त्याला उघडं का पाडायचं? आणि मनाच्या आतल्या कोपऱ्यात—तेही सांगतो—मला तो कागद सुंदर व्हायला हवा होता. बाराच्या बारा. दोन देशांना जे जमलं नाही ते आमच्या टेबलाला जमलं, आणि ते कोणी टिपलं, तर चिंचवडच्या माणसानं. ज्यानं आयुष्यात एक स्वाक्षरी चुकीच्या रकान्यात जाऊ दिली नाही, त्यानं दीड वर्ष सोबत बसलेलं एक माणूस पाच शब्दांत पुसलं. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हेच.

नूलानं मसुदा सगळ्यांना पाठवला. कोणी शेवटपर्यंत वाचला की नाही कोण जाणे, हरकत कोणाचीच आली नाही. वेस्लीकडे ई-मेल नव्हता. तिनं फोन केला तर तो म्हणाला, वहीवाल्या युअर मॅननं लिहिलंय ना, मग बरोबरच असणार.

आठवड्याभरानं इथल्या साप्ताहिकात ते कलम छापून आलं. नावांसकट.

पलीकडे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. बाकीचे पाच जण तरुण होते, किंवा आधीपासूनच त्या मताचे म्हणून सगळ्यांना ठाऊक होते. वेस्लीचं तसं नव्हतं. त्याच्या धाकट्या भावाला त्या तीस वर्षांत, देश एक करायला निघालेल्या बंदूकवाल्यांनी, त्यांच्याच गोठ्याच्या दारात गोळी घातली होती, आणि त्याच्या चर्चमधली माणसं त्याला खांदा द्यायला आली होती. त्या माणसांनी आता त्याचं नाव वाचलं. कोणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. रविवारी त्याच्या बाकावर त्याच्या शेजारी कोणी बसेना. मग चर्चच्या कमिटीनं फार सभ्यपणे हॉलच्या किल्ल्या परत मागितल्या. हे सगळं मेधाला माहीत आहे. इथपर्यंतच माहीत आहे. तिला वाटतं की वेस्लीनं हो म्हटलं आणि त्याची किंमत मोजली.

पुढची बैठक आमच्या हॉलमध्ये होती. वेस्ली आला, टोपी काढून बसला. चहाच्या आधीच त्यानं हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर मला किती सोपं गेलं असतं. तो म्हणाला की त्या दिवशी आपण नाही म्हटल्याचं आपल्याला आठवतंय, पण कागदात ते दिसत नाही. बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. कोणालाच नक्की आठवेना. महिना उलटून गेला होता, बोलणी पुष्कळ झाली होती, त्याच्यामागून लगेच चहा झाला होता, आणि आता छापून आलेलंच सगळ्यांना खरं वाटू लागलं होतं. नूला माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर जराही शंका नव्हती. ती म्हणाली, "वहीत असेलच की. बघ ना."

मी वही काढली. पान उलटलं. ते पान लगेच सापडलं, कारण तिथं चहाचा डाग होता. वेस्लीची ओळ समोर. माझ्याच अक्षरात, स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. अकरा-बारा माणसं वहीकडे बघत होती, आणि त्यांच्यातल्या एकालाही ते वाचता येत नव्हतं. वेस्ली माझ्या उजव्या हाताला बसला होता. तोही वाकून बघत होता, त्या दोरीवरच्या कपड्यांकडे. त्याचं नाव तर त्याला मी स्वतः दाखवलेलं होतं. मला आजही कळत नाही की त्यानं ते त्या दिवशी ओळखलं की नाही.

मी त्या ओळीवर बोट फिरवलं. वाचल्यासारखं केलं—वाचलंच. आणि म्हणालो, नाही, इथं तसं काही नाही.

हे ते. हेच सांगायचं होतं.

कोणी माझा हात पिरगाळला नव्हता. नोकरी जाणार नव्हती, पासपोर्ट जाणार नव्हता. एक वाक्य बोलायचं होतं, 'चूक माझी आहे', आणि खाली एक रेघ, सही, तारीख. रोज चार माणसांकडून मी ते करून घेतो. मला त्या क्षणी फक्त नूलाचा चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्यावरचा माझ्याबद्दलचा विश्वास तसाच राहायला हवा होता.

वेस्लीनं टोपी हातात फिरवली आणि म्हणाला, "तर मग मी ते नुसतं मनात म्हटलं असणार." आणि त्यानं माझी माफी मागितली. सगळ्यांसमोर. माझ्या कामावर शंका घेतली म्हणून.

बैठक संपल्यावर पार्किंगमध्ये तो माझ्या गाडीपाशी आला. डबा द्यायला. सहा अंडी होती. म्हणाला, वय झालं की डोकं असं खेळ करतं, तू मनाला लावून घेऊ नकोस. मी म्हणालो, नाही, नाही. यापेक्षा जास्त काही म्हणालो नाही. सीमेकडे परत निघताना त्यानं हॉर्न वाजवला, नेहमीसारखा, एकदाच.

त्यानंतर तो बैठकीला आला नाही. पुढे बैठकाही थांबल्या. रेडिओवर मात्र चर्चा सुरू आहे. जनमत कधी घ्यायचं, बोलणी कोणी करायची, टेबलावर कोणाला बसवायचं. तज्ज्ञ लोक म्हणतात, सगळ्यात आधी विश्वास हवा. मी तेवढ्यात गाडीतला रेडिओ बंद करतो.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी वेस्ली गेला. त्याची मुलगी हेदर महिन्याभरानं आमच्या दारात उभी राहिली, हातात आमचा दुसरा डबा. तो कधी तिकडे राहिला होता हे आम्ही विसरलोही होतो. तिला आत घेतलं, मेधानं चहा केला. हेदर सहज बोलत होती. म्हणाली, बाबांनी चार वर्षांपूर्वी अचानक गाडी चालवणं सोडलं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, डोकं लख्ख होतं म्हणाले, पण ते ऐकायलाच तयार नव्हते. म्हणायचे, घडलेलं आणि न घडलेलं मला वेगळं करता येत नाही, उद्या रस्त्यात कोणाचं पोर आलं तर? मग गाई विकल्या. मग बँकेचं, बाजारहाटाचं सगळं तिच्या हाती दिलं. शेवटी शेवटी साधी गोष्ट सांगतानाही तिच्याकडे बघून विचारायचे, असं झालं होतं ना गं?

मेधा म्हणाली, "बिचारे." मी कप उचलून आत गेलो आणि नळ सुरू केला.

डब्यात अंडी होती. हेदर म्हणाली, रिकामा द्यायचा नाही, असं बाबांनी सांगून ठेवलं होतं.

आमच्या कारखान्यात एखादी नोंद वेळच्या वेळी करायची राहिली, तर ती नंतर करता येते. तिला उशिरा केलेली नोंद म्हणतात. त्यासाठी छापील फॉर्म आहे: काय घडलं, कोणी पाहिलं, आता कोण लिहितंय, आणि उशीर का झाला. शेवटचा रकाना लोक फार मन लावून भरतात. मी वर्षानुवर्षं ते वाचत आलो आहे. माझा तो रकाना मी कोरा सोडतो.

ऐकलं मी. लिहितोय मी. वहीचं उजवीकडचं पान, वरून चौथी ओळ, निळी शाई, खाडाखोड नाही:

वेस्ली—मला हे मान्य नाही. पण मी उठून जाणार नाही. दोन्ही लिहा.